मागील दारची पंगत

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंना जेवायला बोलावले. जेवण हे निमित्त; त्याला हवा होता निवाडा. आणि निवाडा काय लागणार याची त्याला इतकी खात्री होती, की भोपळ्याच्या भाजीला फोडणी देताना तो मनाशी गुणगुणत होता.

शिष्याचे नाव अनंत. खाडीकाठच्या एका लहानशा गावात काथ्याचे सुंभ वळून विकणे हा त्याचा धंदा. बायकोचे नाव मथुरा. ती खाडीपलीकडच्या मासेमाऱ्यांच्या वस्तीतली. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढची हकीकत ऐकताना कोणालाही त्याबद्दल शंका यावी. लग्न झाले तेव्हा दोघेही मासे आवडीने खात. मथुरेच्या हातचे बांगड्याचे तिखले खाऊन अनंत दुपारी सुंभ वळायचे सोडून घोरत पडे, आणि ती त्याची थट्टा करी.

मग एक दिवस अनंत गावातल्या एका गवळ्याकडे सुंभ पोहोचवायला गेला. गवळ्याच्या गाईचे वासरू नुकतेच मेले होते. वासरू पुढ्यात असल्यावाचून गाय पान्हा सोडीना, म्हणून गवळ्याने मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर उभे केले होते. गाय ते कातडे चाटत होती आणि गवळी धार काढत होता. अनंताच्या हातातली सुंभाची गुंडाळी गळून पडली. तो त्या गाईच्या गळ्यात हात टाकून लहान मुलासारखा रडला. गवळ्याला वाटले, याला ऊन लागले असावे.

त्या दिवसापासून अनंताने दूध सोडले. मग तूप, दही, अंडी, मध, मासळी, मटण, सारे सोडले. डोंगराच्या पायथ्याशी राहणारे एक वृद्ध गुरु उभ्या आयुष्यात कोणत्याही जिवाचे काही घेत नाहीत, असे त्याने ऐकले होते. त्यांच्याकडे जाऊन त्याने रीतसर व्रत घेतले. घरी येऊन त्याने मथुरेला सांगितले.

“तुम्हाला नको ना, मग नको,” ती म्हणाली. “मी नारळाच्या दुधात करीन तुमचं सगळं. माझं मात्र मला सुटायचं नाही. मी उगाच हो म्हणून मग चोरून खाणार नाही.”

“तू तुझं खा,” अनंत म्हणाला. त्या वेळी तो मनापासूनच तसे म्हणाला होता.

काही काळ सारे ठीक चालले. एका चुलीवर दोन भांडी चढत, एकाच ओळीत दोन पाट मांडले जात. पण मनुष्याने एखादे व्रत घेतले, की ते व्रत हळूहळू घरभर हातपाय पसरू लागते. प्रथम अनंत म्हणाला, मासळीचे भांडे वेगळे असावे. ते रास्तच होते. मग पळी वेगळी झाली, मग पाण्याचा हंडा, मग मागील पडवीत दुसरी चूल. मग त्याला वास सहन होईना, म्हणून तिने तो जेवून उठल्यावर जेवावे असे ठरले. पुढे त्या वासाने त्याला जेवल्यानंतरही मळमळू लागले. तेव्हा तिने आपले ताट घेऊन मागील दारी, धुण्याच्या दगडापाशी बसावे, असे तो म्हणाला. यांतली कोणतीच मागणी मोठी नव्हती. प्रत्येक वेळी तो गोड बोलून मागे आणि प्रत्येक वेळी ती बरे म्हणे.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या गावात घराबाहेर, वेगळ्या भांड्यात, एकटे जेवणारे माणूस म्हणजे एक तर त्याला काही संसर्गाचा रोग असतो, नाही तर गावाने त्याला वाळीत टाकलेले असते. तिसरे कारण कोणाच्या डोक्यात येत नाही. शेजारच्या बायका कुंपणावरून मथुरेला दगडापाशी जेवताना बघत. त्यांनी प्रथम कुजबूज केली, मग तिच्याकडून विस्तव, मीठ-मिरची नेणे-आणणे बंद केले. अखेर एकीने धीर करून विचारलेच, “मथुरा, अंगावर काही उठलंय का गं? औषध घेतेस ना?”

त्याच दिवशी मथुरेने माहेरी भावाकडे निरोप धाडला. आणि नवऱ्याला शांतपणे म्हणाली, “तुमच्या गुरूंना जेवायला बोलवा. या घरात आपण दोघं मावतो की नाही, ते त्यांनी सांगावं. नाही म्हणाले, तर मी जाते. पौर्णिमेला भरती भरली की दादा होडी घेऊन येणार आहे.”

त्या खाडीचे पात्र उथळ. भरतीचे पाणी चढले म्हणजेच होडी गावच्या धक्क्याला लागे, आणि ओहोटी लागली की धक्क्यासमोर नुसता चिखल उरे. अनंताने गुरूंना पौर्णिमेच्याच दुपारी बोलावले होते, तेव्हा जे काय ठरायचे ते त्या दुपारीच ठरणार होते.

अनंत आतून घाबरला होता. मथुरा गेली तर आपले काय होईल, हा विचार राहून राहून त्याच्या मनात येई. पण त्याने स्वतःची समजूत घातली होती. गुरूंनी स्वतःच आपल्याला व्रत दिले आहे, मग ते आपल्याविरुद्ध कसे बोलतील? ते मथुरेला चार शब्द समजावतील, तिचे मन पालटेल, भाऊ रिकामी होडी घेऊन परत जाईल आणि सारे सुरळीत होईल. म्हणून तो गुणगुणत होता. कोपऱ्यात मथुरेचे गाठोडे बांधून ठेवलेले होते, त्याकडे मात्र तो बघत नव्हता.

दुपारी गुरु आले. वयाने ते पुष्कळ थकले होते. काठी टेकत, दर दोन घरांआड थांबत आले. अनंताने त्यांचे पाय धुतले, पाट मांडला, पत्रावळीवर भात, कुळथाचे पिठले, भोपळ्याची भाजी, भाकरी आणि द्रोणात कोकमाची कढी वाढली. स्वतःचे पानही शेजारी मांडले. जेवणापूर्वी त्याने नेमाप्रमाणे एक घास कावळ्यासाठी कुंपणाच्या खांबावर ठेवला, कुत्र्याची भाकरी ओटीवर ठेवली आणि उंबऱ्याच्या कडेला मुंग्यांसाठी गुळाचा खडा टाकला. हे गुरूंच्या नजरेस पडावे अशा बेताने त्याने केले, असे म्हटले तर त्याच्यावर फारसा अन्याय होणार नाही.

“हे रोज करतोस?” गुरूंनी विचारले.

“रोज. त्यांचं झाल्याशिवाय मी घास घेत नाही.”

“उत्तम. आणि घरधनीण?”

“ती मागून जेवते.”

“कुठे?”

“मागील दारी. तिच्या ताटात मासळी असते, गुरुजी. त्याबद्दलच आपल्याशी बोलायचं आहे. आपण आधी जेवून घ्यावं.”

गुरूंनी ओटीकडे पाहिले. तिथे कुत्रे सावलीत बसून सावकाश भाकरी खात होते. मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. वाढलेली पत्रावळ द्रोणासकट दोन्ही हातांनी उचलली, पाटावरून कष्टाने उठले आणि स्वयंपाकघरातली वेगळी भांडी आणि पडवीतली दुसरी चूल बघत मागील दाराने बाहेर पडले. अनंत “गुरुजी, गुरुजी” करीत मागे धावला.

बाहेर धुण्याच्या दगडापाशी मथुरा उकिडवी बसली होती. भावाच्या होडीपूर्वी दोन घास खाऊन घ्यावेत, म्हणून तिने ताट वाढून घेतले होते. भाकरी आणि सुकटीचे कालवण. दारात म्हाताऱ्याला पाहताच तिने झटकन ताटावर पदर ओढला आणि उठू लागली.

“जेवत्या माणसानं उठू नये,” गुरु म्हणाले. ते तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, मातीत बसले. पत्रावळ त्यांनी धुण्याच्या दगडाच्या कडेला ठेवली आणि भाताचा एक घास घेतला. “जेव पोरी. पंगतीत एकानं हात आखडला की दुसऱ्याला गिळवत नाही.”

अनंत दारात खिळून राहिला. ज्यांनी उभ्या जन्मात मासळीला बोट लावले नव्हते, ते आपले गुरु सुकटीच्या ताटाला ताट लावून जेवत होते. कुंपणापलीकडे दोन शेजारणी काही निमित्ताने येऊन उभ्या राहिल्या होत्या, तेही त्याने पाहिले. त्याला लाज वाटली आणि लाजेहून अधिक राग आला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मग माझं व्रत खोटं का? ते वासरू खोटं का? जाळ्यातला मासा तडफडतो ते मला दिसतं. ती खाते तेव्हाही मला तेच दिसतं. मी काय डोळे फोडून घेऊ?”

उत्तर मथुरेने दिले.

“तुम्हाला दिसतं ते मला कळतं,” ती म्हणाली. ती त्याच्याकडे न बघता ताटाकडे बघून बोलत होती. “कळलं म्हणून तर मी घरातलं दुधाचं भांडं काढून टाकलं. तुमच्या भाताला मी कधी माशाची पळी लागू दिली? पण माझा बाप याच खाडीत जाळं टाकून म्हातारा झाला. त्यानं त्यावर आम्हाला वाढवलं. तुम्ही माझ्या ताटाकडे पाठ करता तेव्हा मला वाटतं, तुम्ही माझ्या बापाकडे पाठ केलीत. मला तुमच्यासारखं दिसत नाही, हा माझा गुन्हा असेल तर तसं सांगा. पण मला रोगी करून या दगडावर बसवू नका.”

तिच्याबद्दल रोगी हा शब्द अनंताने या आधी ऐकला नव्हता. शेजारणी काय विचारतात ते मथुरेने त्याला सांगितलेच नव्हते. त्याने कुंपणाकडे पाहिले. शेजारणी चटकन आपापल्या कामाला लागल्या.

मग गुरु बोलले. त्यांचा आवाज बारीक होता, त्यामुळे अनंताला दारातून दोन पावले पुढे यावे लागले.

“वासरू खरं होतं, अनंता. मासा तडफडतो हेही खरं आहे. या पोरीचं मन राखायला म्हणून मी ते खोटं म्हणणार नाही. तुझ्या व्रतातला कणही सोडू नकोस. मला फक्त एक सांग. त्या दिवशी गाईला पाहिलंस तेव्हा तू काय केलंस? जवळ गेलास की लांब सरलास?”

“जवळ गेलो,” अनंत म्हणाला. “तिच्या गळ्यात हात टाकला.”

“शेणामुतात उभा होतास, पुढ्यात मेलेल्या जनावराचं कातडं होतं, तरी जवळ गेलास. ती करुणा होती. करुणा जवळ जाते. आता त्याच व्रतापायी तू भांड्यापासून लांब सरतोस, चुलीपासून सरतोस, वासापासून सरतोस, बायकोपासून सरतोस. लांब सरतं ते सोवळं. करुणेचं आणि सोवळ्याचं ताट दिसायला सारखंच असतं. दोन्हींत मासळी नसते. म्हणून माणसाची फसगत होते. करुणेला दुसऱ्याचं दुःख कमी करायचं असतं, सोवळ्याला स्वतःला जपायचं असतं. कोणत्या दिवशी तुझ्या घरात एक जाऊन दुसरं आलं, ते तुलाही कळलं नसेल.”

कढीचा एक घोट त्यांनी घेतला.

“आणि दुसरी गोष्ट. गाव एखाद्याला वाळीत टाकतं तेव्हा त्याचं पाणी वेगळं करतं, विस्तव वेगळा करतं, पंगत वेगळी करतं. पण त्याआधी गाव निदान चार माणसांसमोर त्याचा गुन्हा तरी सांगतं. तू तेवढंही केलं नाहीस.”

अनंताने मान खाली घातली. आपण कुणावर हात उगारला नाही, वाईट शब्द बोललो नाही, प्रत्येक गोष्ट गोडीने मागितली, हे त्याच्या मनात येऊन गेले. त्यातले काही तोंडावाटे काढण्याची मात्र त्याला हिंमत झाली नाही.

तेवढ्यात धक्क्याकडून हाक आली. “मथुरे, होडी लागली गं. पाणी भरलंय, चल लवकर.” तिचा थोरला भाऊ खणखणीत आवाजाचा होता.

मथुरेने गुरूंकडे पाहिले. “तुम्ही सांगावं म्हणून तर बोलावलं,” ती म्हणाली. “मावतो की नाही आम्ही.”

“मी जेवतोय,” गुरु म्हणाले. “माझ्या घरचा निवाडा मी करीन. हे तुमचं घर आहे.”

अनंत आत गेला. मथुरेला वाटले, तो गाठोडे आणायला गेला असेल. तिचा घास हातातच राहिला. खरे सांगायचे तर क्षणभर अनंतालाही ते गाठोडे दिसले, आणि ते तिच्या हाती देऊन एकदाचे मोकळे व्हावे, असा विचार त्याच्या मनाला चाटून गेला. बाहेर जाऊन त्या ताटाशेजारी बसण्यापेक्षा ते सोपे होते. तो स्वयंपाकघरात उभा राहिला, मग आपली पत्रावळ उचलून बाहेर आला आणि मथुरेच्या दुसऱ्या बाजूला मातीत बसला.

बसला खरा, पण प्रथम तोंड परसातल्या केळीकडे वळवून बसला. वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटत होते, ते ओकारीचे. त्याने भाताचा घास घेतला आणि तो कसाबसा गिळला. मग हळूहळू, मानेला कळ लागल्यासारखा, तो तिच्याकडे वळला.

किती तरी दिवसांत त्याने मथुरेला जेवताना पाहिले नव्हते. ती खाली मान घालून, भराभर, पदराचे टोक ताटावर धरून जेवत होती. मध्येच कुंपणाकडे बघत होती. माणूस चोरीचे अन्न असे खाते. चोरून खाणार नाही, असे तिने पहिल्याच दिवशी बजावले होते; आणि तिला असे खायची सवय आपण लावली, हे अनंताला एकदम कळले. गाईला पाहून आले होते तसेच पाणी त्याच्या डोळ्यांत आले. त्याने ते पुसले नाही, कारण उजवा हात उष्टा होता आणि डाव्या हाताने त्याने तिच्या ताटावरचा पदर बाजूला केला.

“नीट जेव,” तो म्हणाला. “मी बसलोय.”

“आज बसलात,” मथुरा म्हणाली. “आज गुरुजी आहेत. उद्या?”

अनंताने लगेच हो म्हटले नाही. ते मथुरेला आवडले. घाईने दिलेली वचने तिने या घरात पुष्कळ ऐकली होती.

“मला मळमळेल,” तो अखेर म्हणाला. “एखादे दिवशी मला उठावं लागेल. तेव्हा मी उठून बाहेर जाईन. तू आत बस.”

मथुरेने पुढचा घास लहान घेतला आणि तो सावकाश चावला. धक्क्यावरून भावाची पुन्हा हाक आली. तिने मान वर करून ओरडून सांगितले, “जेवतेय दादा. जेवत्या माणसाला उठवू नये.”

ती जेवत राहिली. भाकरीचा तुकडा मोडावा, कालवणात बुडवावा, खाली ठेवावा, पाणी प्यावे, पुन्हा उचलावा. गुरूंचे केव्हाच आटोपले होते, पण पंगतीतले माणूस जेवत असताना उठायचे नाही म्हणून उष्टा हात सुकला तरी ते बसून होते. अनंतही बसून होता. त्याला वाटले, ती आपली परीक्षा बघते आहे; आणि तो तसाच तिच्याकडे बघत बसून राहिला. परीक्षा ती बघत होतीच. पण मथुरा खाडीवर वाढलेली मुलगी होती. पाणी किती वेळ थांबते आणि केव्हा फिरते, हे तिला कोणी सांगावे लागत नसे.

तिने शेवटचा घास घेतला तेव्हा तिचा भाऊ घामाघूम होऊन, संतापून कुंपणाच्या फाटकात उभा होता. “आता काय उपयोग?” तो म्हणाला. “ओहोटी लागली. होडी चिखलात बसली. आता उद्याच निघेल.”

“मग हातपाय धू आणि जेवायला बस,” मथुरा म्हणाली. “आत बस. कालवण चुलीवर आहे.”

भावाने गोंधळून अनंताकडे पाहिले. अनंत उठला, आत गेला आणि त्याने पाट मांडला.

गुरु काठी टेकून निघाले तेव्हा अनंत त्यांना पोहोचवायला वाटेपर्यंत गेला. तो परत आला तेव्हा मथुरा ओसरीच्या पायरीवर बसली होती.

“दादानं येताना बांगडे आणलेत,” ती म्हणाली. “रात्री तिखलं करणार आहे.”

“कर,” अनंत म्हणाला.

“आतल्या चुलीवर. वास येईल.”

“येईल,” तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.